शिशाची राख, तळ्याचा गाळ

येळवस दहा दिवसांवर आली आणि आमच्या कॉलनीतल्या पोरी माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पोरी म्हणजे माझ्या लेखी. एकेकीला दोन-दोन लेकरं आहेत. यंदा पावसानं तोंड दाखवलं न दाखवलं, नळाला बारा-पंधरा दिवसांनी पाणी येतंय आणि ज्यांची शेतं आहेत त्यांच्याही शेतात ढेकळांशिवाय काही नाही. मग येळवस कुठं करायची? येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. आमच्या लातूरकडं त्या दिवशी घरांना कुलपं लागतात आणि सगळे रानात जातात. कडब्याची खोप, तिच्यात पांडव म्हणून मांडलेले चुना लावलेले पाच दगड, मडकंभर आंबील, बाजरीचे वाफवलेले उंडे आणि जितक्या हिरव्या भाज्या-शेंगा मिळतील तितक्या घालून चिंच-बेसनात रटरटलेली भज्जी. ज्याचं शेत नाही त्याला दुसरा कुणीतरी हाताला धरून आपल्या शेतात नेतो. उपाशी कुणी राहत नाही.

"काकू, कॉलनीच्या कोपऱ्यात मोकळी जागा पडलीय ना, यंदा तिथंच करू. आणि पुढच्या वर्षीसाठी तिथं वाफे पाडू. सगळ्या मिळून भाजी लावू," पोरी म्हणाल्या.

मला आनंदच झाला. पण तोंडातून पहिला शब्द आला तो असा, "त्या जागेवर आधी काय होतं गं?"

"गॅरेज होतं म्हणे. का?"

"मग वाफे पाडायच्या आधी माती तपासून आणा."

त्या हसल्या. माती ती माती, काकू, तपासायचं काय त्यात! मी चहा टाकायला आत गेले. बायांनो, तुमच्या वयाची असताना मीही हेच म्हणाले असते.

लातूर जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हा मी लग्न होऊन इथं आले. माझं माहेर किनवटचं, सागाच्या जंगलातलं. घराच्या मागं दहा पावलं गेलं की पायाखाली ओला पाचोळा लागायचा. आणि इथं? इथं उतरले तर रस्त्यावर धूळ, आभाळात धूळ, आणि नव्या सासरच्या दारात पाण्याच्या रिकाम्या पिंपांची रांग. दुष्काळाचं साल. मला वाटलं, बाबांनी माझं लग्न माणसाशी लावलं की उन्हाशी!

पण गावाला जिल्हा झाल्याचा रुबाब मोठा. दुकानांच्या पाट्यांवरचं 'जिल्हा उस्मानाबाद' खरवडून त्यावर 'जिल्हा लातूर' रंगवून झालं होतं, तरी काही पाट्यांवर जुनं नाव खालून डोकवायचंच. भाड्याच्या घरांत कचेऱ्या भरायच्या. आमचे हे अशाच एका कचेरीत नवे कारकून. सायकलवरून जायचे, पण घरी बोलायचे असे, की अख्खा जिल्हा यांच्याच टेबलावरून जातो. साहेब आले, साहेबांच्या जीपगाड्या आल्या, मालट्रक वाढले. गाड्या वाढल्या की बॅटऱ्या वाढतात, हे मला तेव्हा कुठं ठाऊक होतं.

सासूला मी आत्याबाई म्हणायची, आमच्याकडं तशीच पद्धत आहे. लिंगायत घर. पहाटे पूजा झाली की आत्याबाईंच्या कपाळावर भस्माचे तीन पट्टे ठळक उमटायचे आणि मग दिवसभर त्यांचं तोंड चालायचं. अहाहा, काय तोंड होतं! कावळ्याला शिवी, पाणी न सोडणाऱ्या नळाला शिवी, आणि मला तर रोज नवीन नाव. मी "येऊन राहिले" म्हणाले की त्या गल्लीभर ऐकू जाईल असं हसायच्या. "आली बघा जंगलातली अस्वल, येऊन राहिली!" पहिले दोन महिने मी रडले. तिसऱ्या महिन्यात कळलं, की ताटात तुपाची धार सगळ्यात आधी ही बाई माझ्याच भाकरीवर धरते.

आमच्या गल्लीमागं एक मोकळी जागा होती. तिथं आधी बॅटऱ्यांचं दुकान होतं. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतल्या शिशाच्या पट्ट्या लोखंडी कढईत वितळवायच्या आणि पुन्हा ओतायच्या, असं काम. जिल्हा झाल्यावर दुकानाची भरभराट झाली आणि ते मोठ्या रस्त्यावर गेलं. मागं राहिली एक पडकी भट्टी आणि तिच्याशेजारी कमरेएवढा करड्या राखेचा ढिगारा.

जागेच्या मालकानं "वापरा की, मला काय करायचंय" म्हटलं आणि गल्लीतल्या बायांनी पदर खोचले. पुढारीण होती सुगलाबाई, आमच्या शेजारची, दणकट आणि दीडशहाणी. बाजारात मेथीची जुडी दिसायची ती पिवळी, आणि तीही हात लावू देत नव्हती अशी महाग. सुगलाबाईनं डोकं चालवलं. अकरा घरांच्या न्हाणीचं पाणी एका चरात आणलं आणि चर त्या जागेत सोडला. दसऱ्याला वाफे पडले. मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर, मुळा, गाजर. मेथीला साबण सोसत नाही म्हणून सुगलाबाईनं सगळ्या पुरुषांना दम भरला. त्या हिवाळ्यात आमच्या गल्लीतले कारकून, मास्तर, दुकानदार सगळे साबणाशिवाय नुसत्या दगडानं अंग घासून कामाला जात होते. आमचे हे म्हणायचे, "कचेरीत माझ्याशेजारी कुणी बसंना." त्यावर आत्याबाई म्हणायच्या, "आधी तरी कोण बसत होतं?"

भाजी वर आली. काय सांगू तो रंग! चहूकडं करपलेलं आणि मधेच हा हिरवा तुकडा. सकाळी उठून नुसतं बघायला जायचं. शेजारपाजारच्या गल्लीतल्या बायाही येऊन काठावर बसायच्या आणि काही न मागता उठून जायच्या. मग सुगलाबाई त्यांना मागून हाक मारायची आणि ओंजळभर कोथिंबीर द्यायची.

थंडी पडली तसा मावा आला. पानांच्या पाठीमागं चिकट, काळे ठिपके. यावर औषध सगळ्यांना माहीत. दहिवर असताना पानांवर राख उडवायची. माझी आजी तेच करायची, आत्याबाईंची आजी तेच करायची. पण राख आणायची कुठून? गल्लीत निम्म्या घरी रॉकेलचे स्टो आलेले, आणि चुलीची जी काही राख होती ती भांड्यांना लागायची, कारण पाणी नाही म्हणून भांडी राखेनं कोरडीच घासायची. तेव्हा आत्याबाईंना तो ढिगारा आठवला.

आधी त्यांनी ती राख भांड्याला लावून बघितली. हात काळे झाले, पितळ डागाळलं, धुतलं तरी जाईना. "ह्या, भांड्याला न्हाई चालत ही," म्हणाल्या आणि तीच राख भाजीला घेऊन गेल्या. आज हे लिहिताना मला घाम फुटतो. खायच्या भांड्याला चालत नाही म्हणून खायच्या भाजीला! पण राखेला वाईट म्हणायचं कुणाच्या मनात येणार? ज्या घरात दिवस भस्मानं सुरू होतो, लेकराला दृष्ट लागली तरी राख, पोट दुखलं तरी चिमूटभर अंगारा, त्या घरातल्या बाईला राख घाण वाटतच नाही. चूक झाली ती भाबडेपणानं झाली आणि ती आमच्यासारख्यांकडूनच व्हायची.

मावा मेला की हो! दोन दिवसांत पानं स्वच्छ. आत्याबाईंचा मान वाढला. मग अख्खा ढिगारा टोपल्या-टोपल्यांनी वाफ्यांत गेला. टोपल्या उचलणाऱ्यांत मीही होते.

आणि तेव्हा मला दिवस गेलेले होते. तिसरा महिना लागला आणि डोहाळे लागले ते मातीचे. हसू नका, बायकांना विचारा. कुणाला चिंच हवीशी वाटते, कुणाला भाजकी माती. मला हवी होती ओली माती. किनवटची पोर मी, वासानंच जीव कासावीस व्हायचा, आणि साऱ्या लातुरात ओली माती होती फक्त आमच्या वाफ्यांत. पाणी सोडायच्या निमित्तानं मी सकाळी जायची, वाफ्याच्या कडेचा एक खडा उचलायची आणि तोंडात टाकायची. कच्चकन दाताखाली आला की अंगभर बरं वाटायचं. एक-दोन खडे कनवटीला लावून घरीही आणायची. कुणाला सांगितलं नाही. आत्याबाईंना कळलं असतं तर माझं नाव अस्वलीवरून गांडुळावर गेलं असतं.

त्या साली येळवस आम्ही तिथंच केली. कुणाचंच रान पिकलं नव्हतं. कुठूनसा कडबा मिळवून सुगलाबाईनं हातभर खोप उभारली, पांडव मांडले. आमच्याच वाफ्यातली मेथी, पालक, गाजरं, वरून सुगलाबाईच्या भावानं चाकूरहून आणलेल्या चार मुठी तुरीच्या शेंगा. भज्जीचं मोठं पातेलं शिजलं. गल्लीतली पन्नास-साठ माणसं मातीवर मांडी घालून जेवली. आत्याबाईंनी माझ्या ताटात तीनदा वाढलं. "खा गं, दोघांचं खा." मी खाल्लं. इतकं सुखाचं जेवण मी आयुष्यात फार वेळा जेवले नाही, हे आजही खरंच सांगते.

येळवशीनंतर पंधरा-वीस दिवसांनी महेबूबचाचा परत आले. हे आमच्या गल्लीच्या टोकाला राहायचे. बॅटरीच्या त्या दुकानात त्यांनी अठरा-वीस वर्षं भट्टीवर काम केलं होतं आणि मग उजवं मनगट लुळं पडल्यावर काम सुटलं. आता दोन शेळ्या पाळून असायचे. दसऱ्याच्या आधीच ते उदगीरला लेकीकडं गेले होते, म्हणून आमची बाग त्यांनी बघितलीच नव्हती. सकाळी शेळी घेऊन आले, हिरवं बघून खूश झाले, हसत हसत आत शिरले आणि भट्टीपाशी थबकले.

"भाबी, यहाँ का ढिगारा किधर गया?"

"गेला की वाफ्यात!" आत्याबाई कौतुकानं म्हणाल्या. "मावा बघा, औषधाला ऱ्हायला न्हाई."

चाचांनी शेळीची दोरी आखडून धरली. शेळी मेथीकडं मान ताणत होती, तिला त्यांनी मागं ओढलं आणि भिंतीबाहेर नेऊन बांधलं. परत आले तेव्हा चेहरा उतरलेला होता.

"वो राख न्हाई गे माँ. वो शिसं हाय. जहर हाय ते. एक पान खाऊ नका याच्यातलं."

झालं! बाया खवळल्या. तीन महिने साबण न लावता वाढवलेली भाजी, आणि हा माणूस आयता येऊन जहर म्हणतो? सुगलाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुमच्या शेळीला मिळंना म्हणून म्हणतावं का चाचा? घ्या की दोन जुड्या, कोण नको म्हणतंय!" कुणी म्हणालं, आम्हाला काय झालंय खाऊन, धडधाकट तर हावोत.

चाचा भांडले नाहीत. खाली बसले आणि त्यांनी डाव्या हातानं आपला उजवा हात उचलून धरला. सोडल्यावर पंजा खाली लोंबला. "शिसं एकदम न्हाई मारत," ते म्हणाले. "हळूहळू मुरतंय. मेरेकू पोटात कळा यायच्या, मालक म्हणायचा, गूळ खा. मी तेच कपडे घालून घरी जायचो, लेकरं अंगावर खेळायची. माझा धाकटा सात सालका होईपर्यंत धड बोलला न्हाई. सोलापूरच्या डॉक्टरनं सांगितलं, तुझ्या कपड्याची धूळ हाय ही. मोठ्या माणसाला निभतंय भाबी. लेकराला न्हाई निभत. पोटातल्याला तर बिलकुल न्हाई."

मी काठावर उभी होते आणि माझ्या कनवटीला त्या वेळीही एक खडा होता.

घरी येऊन मी तो खडा मोरीत टाकला आणि चूळ भरत राहिले. पाणी मोजून वापरायचे दिवस, आणि मी तांब्यामागून तांब्या तोंडात ओतून थुंकत होते. आत्याबाई मागं येऊन उभ्या राहिल्या. "काय गं, काय झालंय?" मला वाटलं सांगू नये. सांगितलं तर आधी बोलणी खावी लागतील, मग यांना कळेल, मग गल्ली म्हणेल, माती खाणारी सून. नाही सांगितलं तर कुणाला कधीच कळणार नाही. पण पोटातलं लेकरू त्याच आठवड्यात पहिल्यांदा हललं होतं. मी सांगून टाकलं. किती दिवस, किती खडे, सगळं.

आत्याबाई मोरीच्या उंबऱ्यावरच बसल्या. म्हणाल्या, "तू माती खाल्लीस. तिच्यात ते कालवलं मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाई वयानं माझ्याएवढीच असेल, पण किती शांत! तिनं सगळं ऐकून घेतलं, एकदाही 'अडाणी' म्हणाली नाही. रक्तातलं शिसं मोजायची सोय इथं नाही, म्हणाली. माती आजपासून बंद, ती भाजी बंद, हात धुतल्याशिवाय घास नाही. दूध, तीळ, शेंगदाणे भरपूर, आणि लोहाच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. अंगाला चुना, म्हणजे कॅल्शियम, आणि लोह पोटभर मिळालं की शिशाला शिरायला जागा कमी मिळते. आत्याबाईंनी विचारलं, "लेकरू नीट निघंल ना?" ती खोटं बोलली नाही. "आज सांगता येत नाही आजी. जन्मल्यावरही लगेच कळेल असं नाही. वाढेल, बोलायला लागेल, तेव्हा कळेल."

आत्याबाईंनी चाचांना सांगितलं असावं, कारण दुसऱ्या दिवसापासून सकाळी दारात तांब्याभर शेळीचं दूध यायला लागलं. चाचा कडी वाजवून दूध ठेवायचे आणि निघून जायचे. दुष्काळात शेळीला चारा कुठला? सुबाभळीचा पाला आणायला ते मैल-मैल चालायचे, ते मला फार उशिरा कळलं. ज्या माणसाला आम्ही शेळीवरून टोमणा मारला होता, त्याच्या शेळीच्या दुधावर माझे उरलेले महिने गेले. त्यांचं ऋण मी कुठल्या तोंडानं सांगू?

बागेचं काय करायचं, हा प्रश्न होताच. आमच्या यांनी डब्यात माती भरून माती तपासणाऱ्या एका साहेबांकडं पोचवली. महिन्याभरानं साहेब स्वतः आले, धोतर नेसलेले, हातात खुरपं. म्हणाले, चाचांचं बरोबर आहे. शिसं कुजत नाही, जळत नाही, पाण्याबरोबर वाहूनही जात नाही. पडलं तिथं वरच्या वीतभर मातीतच बसून राहतं. पालेभाजीच्या पानांवर त्याची धूळ बसते, मुळ्या-गाजराला तर ते थेट चिकटतं. मग बाग मोडायची? साहेब म्हणाले, "मोडायची कशाला? वरची माती काढून पुरा, आणि चांगली माती वर आणून घाला."

भाजी उपटली तेव्हा सुगलाबाई रडली. ती रडताना मी त्याआधी बघितली नव्हती आणि नंतरही नाही. उपटलेली भाजी जनावरालाही द्यायची नव्हती. भट्टीशेजारी पुरुषभर खोल खड्डा खणला, तळाशी मुरूम आणि चुना. आता माती खरवडून त्यात टाकायची, तर चाचा आडवे आले. "सुकी नक्को. धूळ उडंल, नाकात जाईल. भिजवून काढा."

भिजवून! तेव्हा एकेका घागरीवरून नळावर झिंज्या धरल्या जात होत्या. ज्या मातीत आता काही उगवायचं नाही, पुरायचीच आहे, तिच्यावर पाणी ओतायचं? मग आत्याबाई घरात गेल्या आणि आमच्या घरची आंघोळीची घागर कमरेवर घेऊन आल्या, आणि ओतली. मग सुगलाबाईची आली. मग एकेक करून अकराही घरांतून घागरी आल्या. त्या दिवशी गल्लीत कुणी आंघोळ केली नाही. ओली माती घमेल्यांनी खड्ड्यात गेली, वर चुना, मुरूम, आणि वर बाभळीचे काटे. मला त्या दिवशी भिंतीच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. मी बाहेर बसून ओल्या मातीचा वास घेतला आणि तोंड वळवलं. डोहाळे तेव्हाच संपले.

चांगली माती आली ती दुष्काळाच्याच कृपेनं. रेणापूरकडचं एक तळं तळाला गेलं होतं आणि दुष्काळी कामावरचे मजूर त्यातला गाळ काढत होते. काळाभोर, लोण्यासारखा गाळ. भरल्या तळ्यातून तो कुणी काढू शकलं नसतं. सुगलाबाईच्या भावाच्या बैलगाडीनं खेपा केल्या. खाली जुनी पोती अंथरली, म्हणजे खुरपं पोत्याला लागलं की थांबायचं. शहाबादी फरशीचे तुकडे उभे करून गुडघाभर उंचीचे वाफे केले आणि त्यात गाळ भरला. मधल्या वाटांवर कडब्याची कुट्टी टाकली, धूळ उडू नये म्हणून. दारात हात धुवायला एक मडकं, चपला तिथंच काढायच्या. आणि लावायचं ते फळाचं; भेंडी, वांगी, दोडका, मिरची. साहेब म्हणाले होते, फळापर्यंत शिसं फारसं चढत नाही. त्या वाफ्यांवरची पहिली भेंडी साहेबांकडं तपासायला गेली, आणि चांगली आहे म्हणून निरोप आला तेव्हा सुगलाबाईनं गल्लीत साखर वाटली.

परवा हे सगळं मी कॉलनीतल्या पोरींना सांगितलं. त्या हसायच्या थांबल्या. एकीनं मोबाइलवर माती तपासणीचा पत्ता शोधला, दुसरी म्हणाली, "काकू, उंच वाफेच करू ना मग, वाट कशाला बघायची?" शहाण्या आहेत. आम्हाला जे कळायला एक हिवाळा लागला ते त्यांना एका चहात कळलं. मला त्यांचा हेवा वाटला नाही, बरं वाटलं.

ज्येष्ठात मला मुलगी झाली. गोरीगोमटी, रडकी, वजनानं जराशी कमी. नाव गिरिजा. सगळे म्हणाले, देवाची कृपा, सगळं ठीक आहे. पण डॉक्टरीणबाईंचं वाक्य आमच्या घरात येऊन बसलं होतं. बोलायला लागेल तेव्हा कळेल.

गिरिजा वेळेवर पालथी पडली, वेळेवर चालली. बोलेना. वर्ष झालं, सव्वा झालं. तिच्याच वयाचा सुगलाबाईचा नातू "पाणी दे, भाकर दे" करायला लागला तेव्हा सुगलाबाई त्याला घेऊन आमच्या दारावरून जायचं टाळायला लागली. दीड वर्ष झालं. नुसतं बोट दाखवायची आणि "अं" म्हणायची. चाचा यायचे, तिच्यापुढं उकिडवे बसायचे आणि तिच्या तोंडाकडं बघत राहायचे. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला कळायचं.

सगळ्यात वाईट हाल झाले आत्याबाईंचे. मोरीतल्या त्या दिवसापासून त्यांचं तोंडच मिटलं होतं. मला अस्वल म्हणेनात, यांना टोमणा मारेनात, नळाला शिवी देईनात. मी मुद्दाम "येऊन राहिले, जाऊन राहिले" म्हणायची, त्या हसायच्या नाहीत. "तुम्ही मुद्दाम केलं का आत्याबाई?" असं मी किती वेळा म्हणाले असेन. त्या म्हणायच्या, "मुद्दाम केलं असतं तर माफी तरी मागता आली असती." फक्त चाचांची शेळी भेंडीच्या वाफ्यात तोंड घालायला आली की तेवढं त्यांना राहवायचं नाही. तिच्यावर मात्र त्या कमरेवर हात ठेवून, पाय आपटत खेकसायच्या, "मेले, हट!"

गिरिजाला दोन वर्षं पुरी व्हायला थोडे दिवस होते. सकाळची वेळ. आम्ही बागेत भेंडी तोडत होतो, चाचा दाराशी बसले होते, गिरिजा फरशीच्या काठाला धरून उभी होती. शेळीनं दोर तोडला आणि सरळ वाफ्यावर पाय ठेवला. आत्याबाई पलीकडं होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं. आणि मला आवाज आला. बारीक, पण खणखणीत.

"मेले, हट!"

मी वळून बघितलं. गिरिजा शेळीसमोर एक हात कमरेवर ठेवून उभी होती. शेळी चकित झाली असावी, तीही हलेना. पोरीनं पाय आपटला. "मेले, हट! भेंदी माझी!"

चाचा उठायला गेले आणि तिथंच गुडघ्यावर बसले. "और एक बार बोल गे माँ," म्हणाले. ती बोलली. "फिरसे बोल." ती फिरून बोलली. त्यांची दाढी ओली झाली होती आणि ते हसत होते. सुगलाबाई भेंडीची टोपली टाकून गल्लीकडं ओरडत पळाली, "बोलली, बोलली, शिवी दिली पोरीनं!" मी वाफ्याच्या कडेला टेकले.

आत्याबाई हळूहळू जवळ आल्या. नातीच्या कमरेवरच्या हाताकडं त्यांनी बघितलं, तिच्या आपटलेल्या पायाकडं बघितलं. मग सव्वादोन वर्षांनी पहिल्यांदा, गल्लीभर ऐकू जाईल अशा त्या हसल्या आणि मला म्हणाल्या, "बघ गं अस्वले, माझ्यावर गेली."